हिंगणघाटची कबर आणि आपल्या शेताची मोजणी

दहावीचा पेपर झाला की आपली त्रिकोणमिती सुटते. पण ज्या विद्येने अख्ख्या देशाचा नकाशा काढला, तिचा इतिहास आपल्या विदर्भातूनही जातो.

१० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्ब्टन याने मद्रासजवळ पोलादी साखळीने सुमारे १२ किलोमीटरची सरळ रेषा मोजायला घेतली. ही पायारेषा. पुढचं काम कोनांचं. रेषेच्या दोन्ही टोकांवरून लांबच्या टेकडीवरचं निशाण बघायचं, दोन कोन घ्यायचे, की टेकडीचं अंतर गणितानेच निघतं. ते अंतर म्हणजे पुढच्या त्रिकोणाची पायारेषा! असे त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो पुढे सरकला. अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट डोंगरावर चढवला तो हमालांनी. वीस वर्षं हे करून लॅम्ब्टन २० जानेवारी १८२३ला हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. जॉर्ज एव्हरेस्टने ही साखळी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. मग याच पद्धतीने, राधानाथ सिकदारांच्या आकडेमोडीतून, एका शिखराची उंची निघाली आणि १८५६ला जाहीर झाली: २९,००२ फूट. त्यावर माणूस पोचला १९५३ साली. म्हणजे माप आधी, पाय नंतर.

आता आपल्या मेहकरला या. पैनगंगेच्या पलीकडे, अगदी समोर, एक झाड आहे समजा. त्याच्यासमोरून काठाकाठाने काटकोनात ५० मीटर चाला. तिथून काठाची रेषा आणि झाड यांच्यातला कोन ४५ अंश आला, तर पात्र ५० मीटर. ६० अंश आला, तर ५० गुणिले १.७३, म्हणजे साडेशहाऐंशी. पाण्यात पाय न घालता!

हे का सांगतोय? आपल्याकडे बांधावरून भाऊ भावाशी बोलत नाही. मोजणीचा दिवस येतो, मशीन तिवईवर लागतं, आकडे पडतात आणि आपण गप्प उभे राहतो. खरं तर मशीनच्या पोटातही हाच त्रिकोण आहे. घरातलं दहावीचं पोरगं तो सोडवतं, पण मार्कांपुरता. बांधावर कुणी त्याला विचारत नाही.

माझं शाळांना आणि पालकांना एवढंच म्हणणं आहे: एक तास पोरांना नदीकाठी न्या. दोरी, कोनमापक आणि वही पुरे. ज्याला माप कळतं, त्याला कुणी सहज फसवत नाही.