रंग बाजूला राहिले तेव्हा

अमूर्त चित्र समोर आले की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला : "यात काढलंय काय?" डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात वासुदेव गायतोंडे यांचे १९७९ मधले एक चित्र २३ कोटींहून अधिक रुपयांना गेले. मग दुसरा प्रश्न आला : "एवढे पैसे कशाचे?" या दोन प्रश्नांत चित्र पाहायचे मात्र राहून जाते.

गायतोंडे (१९२४-२००१) जन्माने नागपूरचे. १९४८ मध्ये जे. जे. कला महाविद्यालयातून पदविका घेतली. आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हणणे त्यांना मान्य नव्हते. वस्तूचे रूप मोडून केलेले ते चित्र नव्हे, त्यात मुळी वस्तूच नाही, ही त्यांची भूमिका. रोलरने आणि पॅलेट नाइफने ते रंगाचे थर चढवत, काढत. त्यामुळे वरच्या रंगातून खालचा रंग उजळून येतो. आम्हा येवलेकरांना हे अवघड वाटू नये. धूपछाव पैठणीत ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. पदर हलला की तिसराच रंग खेळतो. तो कशाचा रंग, असे कोणी विचारत नाही!

पण मला खरी ओढ त्यांच्या कागदावरच्या कामाची. १९८४ च्या सुमारास त्यांना अपघात झाला, मोठा कॅनव्हास हाताळणे जमेना. त्यांनी लहान कागद घेतले आणि शाई. ज्याची ख्याती रंगासाठी, त्याच्याजवळ आता काळे आकार आणि कोरा कागद एवढेच. ते आकार अक्षरांसारखे वाटतात, पण कुठल्याच लिपीत सापडत नाहीत. थरांतून येणारा उजेड इथे कोऱ्या जागेतून येतो. फळ्यावर अक्षर गिरवून घेताना मी मुलांना सांगत असे, अक्षराइतकीच त्याच्या भोवतीची मोकळी जागा सांभाळा. आकार तिच्यामुळेच उभा राहतो.

पुढे ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले. पण मधली ती वर्षे मला मोलाची वाटतात. सत्तरी ओलांडल्यावर आपल्याही हातून एकेक गोष्ट सुटत जाते. माझा वर्ग सुटला, आवाज थकला. उरलेल्यातून काय उभे करायचे, हा प्रश्न चित्रकारापुरता नाही.

असो. असे चित्र दिसले तर पाच मिनिटे काही न विचारता पाहा, एवढेच.