नव्या वर्षाचे भाकीत आणि जुने ‘क्रिकेट ०७’

क्रीडा व्हिडिओ गेमच्या धंद्याचे पुढच्या वर्षाचे भाकीत करताना बहुतेक जण हुबेहूब चित्रांवर बोट ठेवतात. आपल्याकडचा इतिहास वेगळे सांगतो: इथे निकाल लावला तो हाताशी असलेल्या यंत्राने आणि परवान्याने. पुण्याजवळच्या निगडीचेच बघा: १९७२ साली स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणातून तिथली कामगारवस्ती वाढली. अशा वस्तीतल्या पगारदार घरात संगणक ‘अभ्यासासाठी’ म्हणून येई; कन्सोल ही चैनच. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेले ईए स्पोर्ट्‌सचे ‘क्रिकेट ०७’ साध्या संगणकावर चाले, म्हणून टिकले. परवान्याअभावी भारतीय खेळाडूंची नावे त्यात मोडूनतोडून दिलेली. ती चाहत्यांनीच दुरुस्त केली, आणि ईएने पुढची आवृत्ती काढली नाही तरी वर्षानुवर्षे नवे संघ त्यात भरले. कंपनीला न कळलेली बाजारपेठ ती हीच!

२०१६ मध्ये जिओने डेटा स्वस्त केला आणि यंत्र बदलले: संगणकाच्या जागी मोबाइल आला. डिसेंबर २०१७ मध्ये पुण्याच्या जेटसिंथेसिसने ‘सचिन सागा’ हा मोबाइलवरचा क्रिकेट गेम आणला, २०२० मध्ये ‘रिअल क्रिकेट’वाली नॉटिलस घेतली; २०२५ मध्ये नॉटिलस कोरियाच्या क्राफ्टनकडे गेली. मोबाइलवर फुकट खेळणाऱ्यांवर धंदा कसा चालणार, हा आक्षेप रास्त आहे, त्यात ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळण्याचा मार्गही बंद केला. पण २०२३ मध्ये ‘फिफा’ हे नाव सोडूनही ईएचा फुटबॉल गेम तगला, कारण क्लब आणि खेळाडूंचे परवाने हाती होते. म्हणून येत्या वर्षी खरी चुरस मोबाइलवरच्या अस्सल नावांसाठी होईल. निगडीत कन्सोल खपवू पाहणाऱ्यांचा हिशेब चुकणार.