कोंबड्यांच्या आवारात चिखल का होतो आणि तो कसा थांबवायचा?

कुर्डुवाडी काही जास्त पावसासाठी ओळखली जात नाही. माढा तालुका म्हटलं की आठवतो तो दुष्काळ, ज्वारी आणि अलीकडचा उजनीच्या पाण्यावरचा ऊस. तरीही या भागात परसात दहा-वीस कोंबड्या पाळणाऱ्या घरांत पावसाळ्यात एक प्रश्न हमखास निघतो: खुराड्यासमोरचा हा चिखल हटणार कधी?

रात्री एक जोराची सर येते आणि पुढचे आठ दिवस कोंबड्यांचे पाय रुतत राहतात. भुसा टाकला की दोन दिवस बरं दिसतं. तिसऱ्या दिवशी भुशाचाही चिखल होतो.

यात चूक भुशाची नसते, क्रमाची असते. चिखल झाकून जात नाही. आधी पाणी अडवावं लागतं, मग त्याला वाट द्यावी लागते, त्यानंतर जमीन उचलावी लागते. वर काय पसरायचं हा शेवटचा प्रश्न आहे.

पाऊस कमी, मग चिखल एवढा का?

याचं उत्तर काळ्या मातीत आहे. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीचं प्रमाण मोठं असतं. पाणी मिळालं की ती फुगते, सुकली की आकसते. उन्हाळ्यात रानाला पडणाऱ्या भेगा त्यामुळेच दिसतात.

पहिल्या पावसाचं पाणी या भेगांतून खाली जातं. पण माती फुगली की भेगा मिटतात आणि दार बंद होतं. त्यानंतर चिकणमाती तासाला साधारण १ ते ५ मिलिमीटर पाणीच मुरवते. वाळूच्या जमिनीत हाच वेग ३० मिलिमीटरच्या पुढे असतो. म्हणजे अर्ध्या तासात मोठी सर कोसळली, तर बहुतेक पाणी वरच थांबतं. सोलापूर जिल्ह्यात सप्टेंबर हा सर्वाधिक पावसाचा महिना. तोवर माती आधीच फुगलेली असते.

त्यात कोंबड्या भर घालतात. त्या उकरून गवत संपवतात, विष्ठा मातीत कालवली जाते आणि पायांनी तुडवून वरचा थर घट्ट होतो.

चिखलाने नेमकं बिघडतं काय?

सर्वात मोठा धोका रक्ती हगवणीचा, म्हणजे कॉक्सिडिओसिसचा. या आजाराचे परजीवी विष्ठेतून बाहेर पडतात. ओलावा आणि ऊब मिळाली, तर साधारण एक-दोन दिवसांत ते दुसऱ्या पक्ष्याला बाधा करण्याइतके तयार होतात. लहान पिल्लांमध्ये यामुळे मर होऊ शकते. जंतांचाही प्रसार ओल्या जागेत वाढतो.

सतत ओल्यात उभं राहिल्याने तळपायाला जखमा आणि गळू होतात. ओली विष्ठा कुजली की अमोनिया तयार होतो आणि डोळे, श्वासनलिका यांना त्रास होतो. चिखलाच्या पायांनी कोंबडी घरट्यात बसली की अंडीही बरबटतात. अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात, त्यातून जंतू आत शिरू शकतात. परसातल्या कोंबड्यांवर घरातल्या बाईचा हातखर्च चालत असेल, तर हा फटका थेट तिला बसतो.

पहिलं काम: बाहेरचं पाणी बाहेरच ठेवा

एक सोपा हिशोब करून बघा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर १ लिटर पाणी होतं. खुराड्यावर १० बाय १२ फुटांचा पत्रा असेल आणि ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर साधारण ५५० लिटर पाणी पागोळ्यांतून एकाच रेषेत खाली पडतं. जवळपास पावणेतीन बॅरल! त्याच रेषेत खुराड्याचं दार असेल, तर चिखल तिथूनच सुरू होतो.

म्हणून पत्र्याला पन्हळ लावा आणि पाणी पाइपने आवाराबाहेर सोडा किंवा बॅरलमध्ये साठवा. पत्र्याचा उतार आवाराच्या उलट्या दिशेला घेता आला तर फारच उत्तम. आवारापेक्षा उंच बाजूने पाणी वाहत येत असेल, तर त्या बाजूला फूटभर रुंद आणि फूटभर खोल चर खणून ते वळवा. पिण्याच्या भांड्याची गळतीही तपासा. भर उन्हाळ्यात एकाच कोपऱ्यात चिखल दिसत असेल, तर कारण बहुधा तेच असतं.

दुसरं काम: आत पडलेल्या पाण्याला वाट द्या

आवाराला एका बाजूला उतार हवा. २० फूट लांबीला ४ ते ५ इंच उतार पुरतो. खालच्या टोकाला चर काढा, त्यात खडी किंवा विटांचे तुकडे भरा आणि त्याचं तोंड बाहेर काढा.

शोषखड्डा करावा का? इथेच अनेकांची फसगत होते. काळ्या मातीत खणलेला खड्डा शोषत नाही, तो फक्त भरतो. खड्डा खालच्या मुरमापर्यंत पोहोचला तरच उपयोग. खात्री करायची असेल तर फूटभर खोल खड्डा पाण्याने भरा. ते मुरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी २४ तासांनंतरही तसंच असेल, तर त्या थरावर विसंबू नका. हे पाणी विष्ठेचं असतं, त्यामुळे ते विहीर किंवा बोअरजवळ मुरवू नका.

तिसरं काम: जमीन उचला

कुर्डुवाडीकरांना याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. हे रेल्वेचं गाव आहे, १८९७ मध्ये इथून बार्शीकडे नॅरोगेज गाडी सुरू झाली. रूळ कधीच थेट काळ्या मातीवर टाकत नाहीत. आधी भराव, त्यावर मुरमासारख्या भरड साहित्याचा थर, मग खडी आणि बाजूला चर. कोंबड्यांच्या आवाराला हेच तत्त्व लहान प्रमाणात लागू होतं.

समजा आवार २० बाय १० फुटांचं आहे. त्यात ६ इंच मुरूम टाकायचा तर १०० घनफूट, म्हणजे बरोबर १ ब्रास लागतो. चोपल्यावर थर बसतो, म्हणून थोडा जादा मागवा. एवढ्या जागेत २० कोंबड्या ठीक. त्याहून दाटी केली तर कोणताही थर टिकणार नाही.

मुरूम ओल्या चिखलावर ओतू नका. तो खाली दबतो, चिखल वर येतो आणि पैसे जातात. आधी विष्ठा मिसळलेला वरचा थर खरवडून काढा. तो खताच्या खड्ड्यात कुजवला तर वाया जात नाही.

वर काय पसरायचं?

उघड्या आवारात सॉ मिलमधले लाकडाचे जाड तुकडे चांगले. ते लवकर कुजत नाहीत आणि त्यांच्यामधून पाणी खाली जातं. कडबा किंवा पाचट पावसात भिजलं की गोळा होऊन बुरशी धरतं. त्या बुरशीमुळे फुप्फुसाचे आजार होतात. भुसा, भाताचं तूस, भुईमुगाची टरफलं ही छपराखालच्या गादीसाठी योग्य. मूठभर गादी दाबून पाहा. हात उघडल्यावर गोळा तसाच राहिला, तर ती ओली आहे, बदला.

चुना वापरायचा तर विझवलेलाच, तोही कोंबड्या बाहेर काढून, मातीत मिसळून. कळीचा चुना ओल्या पायांना भाजतो. चुन्याने ओल आणि वास कमी होतो, पण निचरा होत नाही.

आत्ताच चिखल झाला असेल तर?

कोंबड्या दोन-चार दिवस छपराखाली ठेवा. खुराड्याच्या दारात विटांवर फळ्या किंवा लाकडी पॅलेट टाका. खाद्य आणि पाणी जमिनीपासून उचला. साचलेल्या पाण्याला कुदळीने तात्पुरती वाट काढा. विष्ठेत रक्त दिसलं किंवा पिल्लं पंख पाडून बसली, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.

काम कधी करायचं?

एप्रिल-मे महिन्यात, माती कोरडी असताना. उतार तेव्हाच नीट काढता येतो आणि मुरूम तेव्हाच चोपता येतो. नदी-ओढ्याकाठी मात्र हे उपाय पुरत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने माढा तालुक्यातल्या गावांत पाणी शिरलं. अशा वेळी चर आणि मुरूम कामाला येत नाहीत, पक्षी वेळेत उंचावर हलवावे लागतात.

बाकी ठिकाणी सुरुवात फुकट आहे. पुढच्या पावसात पाच मिनिटं छत्री घेऊन आवारात उभं राहा आणि पाणी कुठून येतं, कुठे थांबतं ते बघा. पहिली कुदळ तिथेच मारायची.