नर्सिंगची पदवी घ्यायचीय? बारावीपासून एम.एस्सी.पर्यंतचे रस्ते, पात्रता आणि कागदपत्रे

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या एसटी स्टँडवर नर्सिंगचे फलक झळकू लागतात. ‘सहा महिन्यांत नर्स बना’, ‘१०० टक्के नोकरी’. अशा कोर्सला पैसे भरण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्यावी. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होत नसेल, तर त्या प्रमाणपत्रावर नर्स म्हणून सरकारी भरती नाही आणि पुढच्या पदवीला प्रवेशही नाही. नोंदणी मिळते ती एएनएम, जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंगला. एएनएम दोन वर्षांचा असून फक्त मुलींसाठी आहे, जीएनएम तीन वर्षांचा, तर बी.एस्सी. चार वर्षांची.

बी.एस्सी. नर्सिंगला विज्ञान शाखाच लागते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत. पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्क्यांची सवलत आहे. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण व्हायला हवीत. राज्यात यासाठी सीईटी सेल वेगळी परीक्षा घेतो. पेपर १०० गुणांचा असतो: भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगची अभिरुची, प्रत्येकी २० गुण.

खेड्यातली मुलं चुकतात ती तारखेला. सीईटीचे अर्ज बारावीच्या निकालानंतर नव्हे, त्याच्या कितीतरी आधी, वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत भरून घेतले जातात. निकाल हातात आल्यावर सेतू केंद्रात धावणाऱ्याचं ते वर्ष गेलंच म्हणायचं. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात लष्कराच्या नर्सिंग सेवेसाठी बी.एस्सी. करता येते. तिथे मात्र ‘नीट’ लागते, आणि प्रवेश मुलींनाच आहे.

कला शाखेतून बारावी झालेल्यांनी निराश व्हायचं कारण नाही, फक्त त्यांचा रस्ता लांबचा आहे. एएनएम आणि जीएनएमला विज्ञानाची सक्ती नाही. जीएनएमसाठी विज्ञानाला प्राधान्य असलं तरी इतर शाखाही चालतात, इंग्रजीत ४० टक्के मात्र हवेत. एएनएम होऊन नोंदणी झालेल्या ताईंनाही जीएनएमला प्रवेश घेता येतो. जीएनएमनंतर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग केली की पदवी हातात. उपकेंद्रावर काम करणाऱ्या अनेक एएनएमना हा जिना कुणी सांगितलेलाच नसतो.

एम.एस्सी. नर्सिंग दोन वर्षांची. बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिकला एकूण ५५ टक्के, कौन्सिलची नोंदणी आणि एक वर्षाचा अनुभव ही अट. बी.एस्सी. थेट केलेल्यांचा अनुभव पदवीनंतरचाच धरतात. पोस्ट बेसिकवाल्यांचा आधीचाही चालतो. मेडिकल-सर्जिकल, सामुदायिक आरोग्य, बालरोग, प्रसूती व स्त्रीरोग, मानसिक आरोग्य या विशेष शाखा आहेत. नर्सिंग कॉलेजात शिकवायचं असेल तर ही पदवी उपयोगी. आयसीयूतच राहायचं असेल, तर क्रिटिकल केअरमधला दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम आहे. त्यातला बराच वेळ वॉर्डातच जातो.

अनुभवाच्या कागदावर इथली मंडळी अडकतात. तालुक्यातल्या छोट्या दवाखान्यात वर्षभर रात्रपाळ्या केल्या, पण पगार रोखीत आणि नेमणुकीचं पत्र नाही. मग सिद्ध काय करणार? कामावर रुजू होतानाच पत्र मागून घ्यावं. सोडताना पद, पहिली-शेवटची तारीख, सही-शिक्का असलेला दाखला घ्यावा. कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, ती संपलेली असली तर तेही आधी उरकावं.

बाकी कागद नेहमीचेच: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, वैद्यकीय योग्यतेचं प्रमाणपत्र, शिक्षणात खंड असेल तर त्याचं शपथपत्र. आरक्षणातून अर्ज करणाऱ्यांनी जात वैधता प्रमाणपत्राची फाइल अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत जिल्हा समितीकडे टाकावी. ऐन प्रवेशाच्या वेळी ते मिळत नाही. इतर मागासवर्गीयांना चालू मुदतीचं नॉन-क्रिमिलेअर लागतं.

फीचा विषय मोठा. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क माफ करण्याचा राज्य शासनाचा निर्णय जुलै २०२४ मध्ये निघाला. लाभ मिळतो तो शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून आलेल्यांना. व्यवस्थापन कोट्यातून ‘सीट पक्की’ करून देणाऱ्या एजंटाकडे गेलं, की ही सवलत गेली. वसतिगृह, मेस आणि गणवेशाचा खर्च तरीही उरतो, तो कॉलेजकडून लेखी घ्यावा.

पैसे भरण्यापूर्वी कॉलेजची मान्यता स्वतः तपासावी. बी.एस्सी. आणि एम.एस्सी.साठी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता हवी, एएनएम-जीएनएमसाठी राज्याच्या नर्सिंग व पॅरामेडिकल शिक्षण मंडळाची. त्याच वर्षासाठी, त्याच अभ्यासक्रमासाठी मान्यता आहे का, आणि जागा किती, एवढं बघायचं. सराव कोणत्या रुग्णालयात होणार हेही विचारावं. आणि मूळ कागदपत्रं द्यावीच लागली, तर पोचपावती घेतल्याशिवाय उठू नये.