गाडीचे इंजिन कसे स्वच्छ करावे?

गोंदिया तालुक्यातील कामठा हे धानाच्या पट्ट्यातील गाव. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धानाची कापणी आणि मळणी सुरू झाली की परिसरातील रस्त्यांवर धूळ, कोंडा आणि तणस उडू लागते. त्यातले बरेचसे उभ्या आणि धावत्या गाड्यांच्या बॉनेटखाली जाऊन बसते. ही घाण केवळ दिसायला वाईट नसते. धुराड्याकडे जाणारा एक्झॉस्टचा भाग शेकडो अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. त्याच्याजवळ कोरडे तणस किंवा उंदराचे घरटे असेल, तर पेट घेण्याचा धोका असतो. मात्र घाईने पाण्याचा जोरदार फवारा मारला, तर दुसरेच नुकसान होते.

पाण्याचा धोका कशाला?

इंजिनाचे लोखंड आणि अॅल्युमिनियम पाण्याला घाबरत नाही, वीजजोडण्या घाबरतात. प्रेशर वॉशरचे पाणी रबरी सीलमधून जोडण्यांत शिरते. अल्टरनेटर, फ्यूजबॉक्स, इग्निशन कॉइल आणि सेन्सर बिघडू शकतात. तापलेल्या भागावर थंड पाणी पडल्यास त्याला तडाही जाऊ शकतो.

सुरक्षित पद्धत

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. किल्ली काढून ठेवावी, कारण काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा आपोआप फिरू लागतो.

२. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढावी आणि शेवटी जोडावी. पॉझिटिव्ह आधी सोडताना पाना गाडीच्या पत्र्याला टेकला, तर शॉर्टसर्किट होते.

३. हातमोजे आणि मास्क घालून तणस, पाने आणि घरटे हाताने काढावे. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. काचेखालच्या पाणी वाहून जाण्याच्या जाळीतला कचराही काढावा. कुरतडलेली तार दिसल्यास गाडी सुरू न करता मेकॅनिकला दाखवावी.

४. धूळ मऊ ब्रशने झाडावी. रेडिएटरच्या पातळ पट्ट्या चटकन वाकतात, म्हणून तिथे हात हलका ठेवावा.

५. अल्टरनेटर, फ्यूजबॉक्स, बॅटरी आणि हवा आत घेणारे तोंड प्लास्टिकने झाकावे. तेलाची आणि ब्रेक ऑइलची झाकणे घट्ट असल्याची खात्री करावी.

६. तेलकट जागी डिग्रीझर लावून डब्यावर लिहिलेला वेळ थांबावे, ब्रशने घासावे आणि ओल्या फडक्याने पुसावे. बहुतेक गाड्यांना एवढे पुरते.

७. सर्व कोरडे झाल्यावर प्लास्टिक काढावे, तार जोडावी आणि बॉनेट उघडे ठेवून इंजिन दहा मिनिटे चालवावे. इंजिन धडधडले किंवा डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागला, तर ते बंद करून तपासणी करून घ्यावी.

हे टाळावे

पेट्रोलने किंवा रॉकेलने इंजिन धुण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. पेट्रोलची वाफ एका ठिणगीने पेटते, आणि अशा द्रवांनी रबरी नळ्या फुगून खराब होतात. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. हायब्रीड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतील नारिंगी तारांत उच्च दाबाची वीज असते. त्यांना हात न लावता काम सेवा केंद्रावर सोपवावे. तेलकट पाणी विहिरीजवळ, बोडीत किंवा धानाच्या बांधीत सोडू नये.

मळणीचा हंगाम संपल्यावर एकदा आणि गाडी बरेच दिवस उभी राहिल्यास ती सुरू करण्यापूर्वी, बॉनेट उघडून पाहणे हीच खरी काळजी.