चित्रदर्शन आणि सांघिक शिक्षण : वत्सगुल्माच्या वारशाच्या अनुषंगाने

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. ह्या शाखेतील हरिषेणाच्या राजवटीत, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याच्या बहुतेक महायानकालीन लेण्यांचे काम झाले. सोळाव्या लेण्यातील कोरीव लेख हरिषेणाचा सचिव वराहदेव ह्याचा आहे. अजिंठा आज वाशीम जिल्ह्याबाहेर असला, तरी त्या चित्रांचा राजकीय इतिहास वत्सगुल्माशी निगडित आहे. अलीकडे संग्रहालयातील चित्रांसमोर बसवून एकत्र काम करणाऱ्या गटांना शिक्षण देण्याची पद्धत रूढ होत आहे. तिचे मर्म समजून घेण्यास अजिंठ्याच्या प्रतिकृतींचा इतिहास विशेष उपयुक्त ठरतो.

रॉबर्ट गिल ह्या लष्करी अधिकाऱ्याची 1844 मध्ये ह्या कामावर नेमणूक झाली. त्याने मुख्यतः स्वतःच्या बळावर अनेक वर्षे खपून मोठ्या प्रतिकृती तयार केल्या. त्यांपैकी बहुतेक 1866 मध्ये लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. पुढे 1872 ते 1885 ह्या काळात जॉन ग्रिफिथ्स ह्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांचा गट घेऊन तेच काम नव्याने केले. पेस्तनजी बोमनजी आणि जगन्नाथ अनंत हे त्या गटातले होते. ह्या प्रतिकृतींपैकीही अनेक 1885 मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत सापडल्या.

कापडावरील रंग दोन्ही वेळा जळाले. परंतु दुसऱ्या वेळी माणसांच्या ठिकाणी मुरलेले शिक्षण उरले. पेस्तनजी पुढे नामवंत चित्रकार झाले. हाच क्रम पुढेही दिसतो. 1909 ते 1911 च्या दरम्यान लेडी हेरिंगहॅम ह्यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्त, वेंकटप्पा, सय्यद अहमद आणि फजलुद्दीन हे अजिंठ्यास राहिले. 1921 मध्ये नंदलाल आणि हलदार बाघ येथील लेण्यांच्या प्रतिकृतींसाठी पुन्हा एकत्र गेले.

गटाने प्रतिकृती करण्यात एक महत्त्वाची गोष्ट अनुस्यूत असते. रेषा चुकली की नाही ह्याचा निर्णय गुरूच्या अधिकारावर नव्हे, समोरच्या भिंतीवर अवलंबून असतो. कनिष्ठ विद्यार्थ्याला भिंतीकडे बोट दाखवून ज्येष्ठाची चूक दाखविता येते. सर्वांना समान असलेला हा साक्षीदार हाच चित्राधारे होणाऱ्या सांघिक शिक्षणाचा पाया होय. अर्थात श्रेयाची वाटणी तितकी समान झाली नाही. 1896-97 चा द्विखंडात्मक ग्रंथ ग्रिफिथ्स ह्यांच्याच नावाने प्रसिद्ध झाला.

हा साक्षीदार नीट न तपासल्यास काय होते, ह्याचे उदाहरणही अजिंठ्यातच आहे. पहिल्या लेण्यातील एका दरबारदृश्यात परदेशी वेशातील पुरुष दिसतात. जेम्स फर्ग्युसन ह्यांनी 1879 मध्ये त्यावरून चालुक्य पुलकेशीच्या दरबारी आलेला इराणी राजदूत अशी त्याची ओळख पटविली. साहजिकच चित्राचा काळ सातव्या शतकात गेला. वेश परदेशी आहे हे निरीक्षण. राजा पुलकेशी आहे हे अनुमान. दोहोंमधील सीमारेषा पुसली गेल्यामुळे वाकाटकांचे श्रेय दीर्घकाळ चालुक्यांच्या खाती जमा राहिले. पुढे श्लिंगलोफ ह्यांनी हे दृश्य महासुदर्शनाच्या बौद्ध कथेतील असल्याचे दाखविले, आणि स्पिंक ह्यांच्या कालनिर्णयानुसार हे लेणे हरिषेणाच्याच काळात पडते.

नेमका हाच भेद आधुनिक पद्धतीच्या मुळाशी आहे. अॅबिगेल हाउसेन आणि फिलिप येनवाइन ह्यांनी विकसित केलेल्या पद्धतीत गटाला तीनच प्रश्न विचारले जातात : चित्रात काय घडत आहे, असे कशावरून म्हणता, आणि आणखी काय दिसते. येल विद्यापीठात त्वचारोगतज्ज्ञ ब्रेव्हरमन ह्यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांना संग्रहालयातील चित्रांसमोर उभे केले. त्यांची निरीक्षणशक्ती वाढल्याचे 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. चित्रकलेचे ज्ञान देणे हा येथे हेतू नसतो. विधानास पुरावा देणे, आणि दुसऱ्यास दिसलेले आपल्यास का दिसले नाही हे तपासणे, ही सवय लावावयाची असते.

वाशीम जिल्ह्यास ह्यासाठी दूर जावयास नको. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे 5 ऑक्टोबर 2024 रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. त्याची वास्तू नगाऱ्याच्या आकाराची आहे. बंजारा वेशातील आरसेकाम, कवड्या आणि टाके ह्यांविषयी तांड्यातील वृद्ध स्त्रीस जे दिसते, ते सुशिक्षित अधिकाऱ्यास दिसेलच असे नाही. कचेरीतील, शाळेतील वा रुग्णालयातील एखादा गट अशा वस्त्रासमोर बसला, तर तेथे पदाचा क्रम बदलू शकतो आणि जाणत्याचे स्थान पाहणाऱ्यास मिळू शकते. मात्र सर्वांनी एकच उत्तर देणे म्हणजे संघभावना, अशी समजूत करून घेतल्यास हा प्रयोग व्यर्थ होय. फर्ग्युसन ह्यांच्या मताशीही पुष्कळ काळ पुष्कळांचे एकमत होते. त्या दृश्याचा अर्थ उलगडला तो काहींनी भिंतीकडे पुन्हा पाहिले म्हणून.