गेलेला क्षण परत आणताना

खतावणी फाटली तरी जुने कारकून फारसे घाबरत नसत. कीर्द शाबूत असली म्हणजे झाले! कीर्दीत व्यवहार घडतील त्या क्रमाने नोंदलेले असतात. त्यांवरून प्रत्येकाचे खाते पुन्हा मांडता येते. आणि कीर्दीतली चूक खोडायची नाही, उलट नोंद करून दुरुस्त करायची, हा हिशेबाचा दंडक. संगणकातील माहिती हव्या त्या क्षणापर्यंत मागे नेण्याची युक्तीही अशा कीर्दीवरच उभी आहे.

संगणकाच्या चुंबकीय तबकडीवर खात्याची नवी शिल्लक लिहिली की जुनी पुसली जाते. म्हणून रात्री सर्व माहितीची प्रत फितीवर काढून ठेवीत. पण दुपारी तबकडी बिघडली तर सकाळपासूनच्या व्यवहारांचे काय? यासाठी प्रत्येक बदलाची वेगळी नोंदवही ठेवण्याची पद्धत पडली.

मग प्रश्न आला : आधी काय लिहायचे, खाते की नोंदवही? समजा, एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्यापूर्वीच वीज गेली. नोंदवहीत काहीच नसेल, तर हा व्यवहार अर्धवट राहिला हे कळणार कसे? आय.बी.एम.चे संशोधक जिम ग्रे यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या टिपणांत नियम स्पष्ट मांडला : आधी नोंदवही, मग खाते. पुढे १९९२ मध्ये आय.आय.टी. मद्रासचे माजी विद्यार्थी सी. मोहन व त्यांच्या आय.बी.एम.मधील सहकाऱ्यांनी ‘एरीज’ ही पद्धत मांडली. बंद पडलेला संगणक सुरू झाला की तो नोंदवहीवरून आधी घडला तसा इतिहास पुन्हा घडवतो, आणि मग अर्धवट व्यवहार उलटवतो.

आता एक उदाहरण घेऊ. रात्री १२ वाजता प्रत घेतली. सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांनी चुकीच्या आज्ञेने दहावीचे सर्व गुण पुसले गेले. आपण रात्रीची प्रत घेतो, नोंदवहीतील बदल ओळीने करत येतो आणि ११ वाजून ४१ मिनिटांवर थांबतो. गुण जागेवर! मात्र ११.४२ नंतरच्या बरोबर नोंदीही जातात. त्या पुन्हा कराव्या लागतात. मागे जाण्याची ही किंमत आहे.

व्यापारी प्रणालींत आधीपासून असलेली ही सोय २००५ साली ‘पोस्टग्रेसक्यूएल’ या मुक्त प्रणालीतही आली. तरीही ३१ जानेवारी २०१७ रोजी तीच प्रणाली वापरणाऱ्या ‘गिटलॅब’ या कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून चुकून चालू माहिती पुसली गेली. नेहमीच्या प्रती शोधल्या, तर त्या नीट निघतच नव्हत्या असे दिसले. सुदैवाने दुसऱ्या कामासाठी सुमारे ६ तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सापडली. त्यानंतरची माहिती मात्र गेली.

म्हणजे नुसती सोय असून भागत नाही; ती चालवून पाहावी लागते. वर्गात हा प्रयोग सहज करता येईल. एका गटाने वाचनालयाची कीर्द लिहावी, दुसऱ्याने प्रत्येक विद्यार्थ्याचे खाते. मग खात्यांचे कागद काढून घ्यावेत आणि विचारावे : काल दुपारी ३ वाजता कोणते पुस्तक कोणाकडे होते? कीर्दीतली एखादी ओळ सुटली असेल, तर ती तिथेच उघडी पडेल.